येसूची मेढ

खूप जुनी गोष्ट. तळवडदऱ्यात तेव्हा ना दवाखाना होता, ना दवाखान्याकडे जाणारी सडक. होती ती येसू सुईण. असं म्हणतात, झटका आलेल्या माणसाच्या उशाशी बसून ती सांगायची, हे फेफरं आहे की दुसरंच काही.

त्या वर्षी मानाजीची सून पारू पडू लागली. दिवसातून चारदा पडायची, हातपाय झाडत राहायची. गावात शहाण्यांना काय तोटा! कुणी कांदा हुंगवला, कुणी वहाण. कुणी म्हणालं, सोंग करते. शेवटी मानाजीने चुलीत विळा तापत घातला. कपाळावर डाग द्यायचा, आणि तरी थांबलं नाही तर कायमची माहेरी धाडायची.

विळा लाल झाला तेव्हा येसू आली. पारू अंगणात तडफडत होती. येसूने तिची पापणी उचलू पाहिली, तर ती आणखीच घट्ट मिटली.

"फेफऱ्यात डोळं उघडं ऱ्हात्यात," येसू म्हणाली. "ह्ये फेफरं न्हाई."

"मंग सोंगच की!"

"सोंगबी न्हाई, मानाजी. आवरनं तिच्या हातात न्हाई. इळा खाली ठिव."

तिने पारूला घरात नेलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि पारूजवळ बसून राहिली. असं म्हणतात, ती तीन दिवस जागची हलली नाही, मुंग्यांनी तिच्या पदरावरून वाट पाडली. तिसऱ्या दिवशी पारू बोलली. नणंदेच्या हळदीदिवशीच तिचं तान्हं गेलं होतं. सासू म्हणाली होती, मांडव उतरेस्तोवर टिपूस काढायचं नाही. पुढे मांडव उतरला. पण आता रड बाई, असं तिला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

येसूने सासूला आत बोलावलं. "तुमी अडवलं, तुमीच मोकळं करा."

सासू पारूजवळ आली. मग खाली बसली. "रड गं पोरी. माजं चुकलं."

असं म्हणतात, त्या दोघी अशा रडल्या की चैत्रात कोरडा पडलेला ओढा वाहू लागला. ओढ्याचं मला ठाऊक नाही. झटके मात्र कमी होत होत पावसाळ्यापर्यंत थांबले, एवढं सगळेच सांगतात.

आजही तळवडदऱ्यात लग्नाचा मांडव उतरवताना त्याचा एक खांब शेवटपर्यंत उभा ठेवतात. त्याला येसूची मेढ म्हणतात. ती उपटण्याआधी घरातली थोरली बाई तिला हात लावून मोठ्याने विचारते, "कुनाचं रडायचं ऱ्हायलंय का?"

मग सगळे थांबतात. बहुतेक वेळा कुणीतरी असतंच.