पाया पडा

तवा दगडं बोलायची आन माणसं ऐकायची. आता उलटं झालंय, म्हणून ही गोष्ट जुनी.

समुद्राकाठी एक पडकं गाव होतं. गाव कसलं, एकावर एक रचलेली तीन गावं, भाकरीच्या चवडीसारखी! तळाला विटा, त्यावर काळा दगड, सगळ्यात वर तांबडा चिरा. एक कुर्ली, म्हंजे खेकडी, रोज भेगांतनं हिंडायची आन डोळे वर काढून म्हणायची, "काय हात होते गं बाई करणाऱ्यांचे!"

एकदा वरच्या चिऱ्याला ताठा चढला. तो खाली ओरडला, "ए विटांनो! मी सगळ्यात उंच. माझ्या पाया पडा!"

तळाची म्हातारी वीट कानानं अधू. तिनं कुर्लीला विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

कुर्ली महाबेरकी. म्हणाली, "आजी, तो म्हणतोय, पाया, पडा!"

"पाया तर आम्हीच. पडा म्हणतोय? बरं, लेकराची हौस!" आन वीट जराशी सरकली.

वर चिरा गदागदा हलला. खाली लाट आ करून उभी.

"आजी, थांब! पडू नको!" चिरा ओरडला.

मग चिऱ्यानं पहिल्यांदा खाली नीट बघितलं. विटेवर बोटांचे ठसे होते.

"हे कुणाचे गं?"

"मला थापणारीचे. ती गेली, तिचं गाव गेलं. ठसे हायेत."

चिरा कितीतरी वेळ बघतच राहिला.

अजून भरती आली की कुर्ली विचारते, "काय रे, पाया पडू दे का?"

"नको गं बाय! उभाच राहू दे!"