शपथेचा हात

एका राज्यात, जिथे राजाचा शब्द पदकावर उमटल्याखेरीज खरा मानीत नसत, सिदोजी नावाचा कारागीर होता. पोलादाच्या ठशात तो सगळे उलटे कोरी. चांदीवर दाबले की ते सुलटे उमटे.

शेजारच्या नदीराज्याशी तह झाला. पदकावर दोन गोष्टी यायच्या होत्या: शपथेसाठी उजवा हात उंचावलेला राजा, आणि शेजारी एका पायात दगड धरून उभा असलेला करकोचा. झोप लागली तर दगड पडेल, म्हणून करकोचा ही जागेपणाची खूण. सिदोजीने पिसांवर सात दिवस घालवले. हात मात्र घाईत कोरला, आणि सुलटाच कोरला. पदकावरच्या राजाने डावा हात वर केला.

नदीराज्याची जादूगारीण पदक पाहून म्हणाली, "शपथेचा हात तुम्ही दाखवला नाहीत. मग तो तुम्हाला कशाला हवा?"

त्याच क्षणी राज्यातले सगळे उजवे हात लुळे पडले. एकट्या सिदोजीचा चालत राहिला.

"चूक कोणाची?" राजाने विचारले.

"ठसा कडक करायला तापवून पाणी देताना भानजी लोहाराकडून आकृती फिरली, महाराज," सिदोजी म्हणाला.

भानजी सिदोजीकडे बघत राहिला. त्याला सीमेपार घालवले.

लोकांना वाटले, सिदोजीच्या हातात पुण्य आहे. कोणी लेकीची वेणी घालून घ्यायला येई, कोणी बाळाला पहिला घास भरवून घ्यायला. जाताना त्या हाताला नमस्कार करीत. सिदोजी कोणाच्या डोळ्यांकडे बघत नसे.

सातव्या महिन्यात पदकावरचा करकोचा बोलला. "मला नीट कोरलंस, म्हणून सांगतो. तुझा हात कामासाठी ठेवलाय, कौतुकासाठी नाही. बुडालेल्या जहाजाच्या नांगराचं पोलाद आण. प्रतिबिंब न दाखवणाऱ्या तळ्याचं पाणी आण. ठसा नव्याने कोर, आणि त्याला भानजीच्या हातून पाणी देऊन घे."

"भानजीकडे नको. दुसरं काही सांग," सिदोजी म्हणाला.

"दुसरं काही नाही."

नांगर त्याने माशांकडून मागून आणला. तळे सापडायला वर्ष लागले. वाकून पाहिले तर पाण्यात तोंड दिसेना. सिदोजीला जरा बरेच वाटले. मग त्याने ठसा कोरला, एकट्या हातासाठी अकरा दिवस दिले, आणि सीमेपार गेला.

भानजी डाव्या हाताने खुरप्यांना धार लावीत होता. "या पुण्यवंत! हाताच्या पाया पडतात म्हणे लोक?"

"भानजीदादा, आगीत आकृती फिरत नाही."

"मला शिकवतोस होय? चाळीस वर्षं भट्टीपुढे आहे मी."

"चूक माझी होती."

"ठाऊक आहे. दरबारात तुझ्याकडेच बघत होतो. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल. तू गालिचा बघत होतास." भानजीने खुरपे खाली ठेवले. "पण हे मला कशाला सांगतोस? जिथे खोटं बोललास तिथे सांग. मग देतो पाणी."

सिदोजीने भर दरबारात सांगितले. कोणी ओरडले नाही. मागून एक म्हातारी एवढेच म्हणाली, "माझ्या नातीला पहिला घास तुझ्या हातचा रे."

भानजीला परत बोलावले. त्याने ठसा लाल केला, तळ्याच्या त्या पाण्यात बुडवला. नवे पदक पाडले. राजाने उजवा हात उंचावला होता. जादूगारिणीने ते कपाळाला लावले, आणि राज्यभर हात जागे झाले. आयांनी लेकरांना जवळ ओढले, सुतारांनी रंधे उचलले, तह पक्का झाला.

"भानजी, याला शिक्षा तू सांग," राजा म्हणाला.

"मला भाता ओढायला माणूस हवाय, महाराज."

पुढे कित्येक वर्षे सिदोजी भाता ओढीत राहिला. गिऱ्हाइके विचारीत, "हा कोण?"

"आमचा कारागीर," भानजी म्हणे. "याच्यासारखी पिसं कोणी कोरत नाही."

याहून अधिक तो कधी बोलला नाही. सिदोजी मान आणखी खाली घाली.