होतंच आहे तर

निंबवडीच्या जहागीरदारांनी सटवाजी गवंड्याला बोलावून घेतलं. "मळ्यात साधं तीन खणांचं घर बांधायचंय. अंदाज आत्ताच सांग. वर रुपया लागला, तर तो तुझ्या पदरचा!"

सटवाजीला ही अट ठाऊक होती. याच अटीपायी मागचा गवंडी बैलजोडी विकून परागंदा झाला होता.

"होतंच आहे तर पुढं ओसरी काढ," जहागीरदार म्हणाले. सटवाजीनं ओळंब्याच्या दोरीला गाठ मारली. "होतंच आहे तर वर माडी. अन् होतंच आहे तर दारात हौद." आणखी दोन गाठी पडल्या.

"हं, किती?"

"घराचे पाचशे, सरकार. आपल्या बोलण्याचे दीड हजार."

"बोलण्याला पैसे पडतात?" जहागीरदार गरजले.

सटवाजीनं दोरी पुढं धरली. "एका 'होतंच आहे तर'ला पाचशे. हे तीन झाले, अन् पाया अजून खणायचाय. असं आणखी किती वेळा म्हणणार, तो अंदाज सरकारांनी द्यावा. चुकला, तर वरचा रुपया सरकारांच्या पदरचा!"

जहागीरदार खो खो हसले. "हरलो बाबा! नुसतं घर बांध, पाचशेत. आणा रे कागद, लिहूनच देतो. अन् लिहितोच आहे तर…"

सटवाजीनं निमूटपणे चौथी गाठ मारली.