हिरव्या पाण्याची कहाणी

ऐक गौरीमाये, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका, हातातल्या अक्षता खाली ठेवू नका.

आटपाट गाव होतं, गावाला ओढा होता. ओढ्याकाठी सोनबा रंगारी राहत होता. घरात त्याची आई म्हाळसाबाई, बायको चिमा, आणि दारात एक शेळी. लुगडी रंगवावीत, पागोटी रंगवावीत, ओढ्यावर धुवावीत, वाळत घालावीत, असा त्यांचा नेम. खाऊनपिऊन बरं होतं. पण म्हाळसाबाईंचा तोरा मोठा. पाला म्हणजे गुरांचं खाणं, असं त्यांचं म्हणणं. बाजारात जे महाग ते आणावं, तेलात तळावं, मसाल्यात बुडवावं, तेही पानात बोटभर, आणि भाताचा मात्र डोंगर. परसात माठाची भाजी माजली, कुंपणावर शेवगा वाकला, ओढ्याकाठी घोळीची भाजी पसरली, पण तिकडं कुणी ढुंकून बघेना. दिवे लागले की म्हाळसाबाई ओटीवर बसत, त्या जेवायच्या हाकेपर्यंत हलत नसत. सून हाताशी असताना आपण का उठावं, म्हणत.

मग काय झालं? चिमाला सांजेला दिसेनासं झालं. दिवसा बाई धडधाकट, दिवेलागण झाली की चाचपडायची. पहिल्या दिवशी उंबऱ्याला अडखळली. दुसऱ्या दिवशी भरली घागर फोडली. तिसऱ्या दिवशी कुणाच्या लग्नाचं पिवळं लुगडं निळीच्या रांजणात बुडवलं. म्हाळसाबाई तापल्या. म्हणाल्या, "भादव्यात गौर घरात आणायची ती सुनेनं, दिवेलागणीला, पावलावर पाऊल ठेवून. तुझं पाऊल चुकलं, तर तिसऱ्या दिवशी गौरीबरोबर तूही जा. ती पुढल्या वर्षी परत येईल, तू येऊ नकोस."

चिमानं जावं कुठं? माहेरी आई नाही, बाप नाही, एक भाऊ, तोही बायकोच्या मुठीत. सोनबाचा तिच्यावर जीव होता, पण आईचा आवाज चढला की तो रंगाच्या रांजणाकडं वळायचा.

मग दुसऱ्या दिवशी चिमा ते बिघडलं लुगडं घेऊन ओढ्यावर गेली. धुवावं आणि रडावं, रडावं आणि धुवावं. तिथं एक म्हातारी घोळ खुडत बसली होती. तिनं विचारलं, बाई, तू का रडतेस? चिमानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, तुला वसा देते. त्यानं उतू नकोस, मातू नकोस, अर्ध्यावर टाकू नकोस. श्रावण लागला की रोज दारची हिरवी भाजी खुडावी. पळीभर तेल, दोन मिरच्या, चवीला मीठ. झाकणावर पाणी ठेवावं, भाजीला वाफ आणावी, भाकरीबरोबर पोटभर खावी. एवढं सांगून म्हातारी निघून गेली.

चिमा हो म्हणाली. पण सांगितलेलं सगळं जसंच्या तसं करतं कोण? आपण तरी करतो का? आणि ती पडली रंगाऱ्याची सून. नवा रंग पाणी निवळशंख होईस्तोवर धुवायचा, हे वळण हातात बसलेलं. श्रावण लागला. तिनं माठ खुडला, देठ शेळीला टाकले. पाला बारीक चिरला, मग धुतला. हिरवं पाणी आलं, ते शेळीला दिलं. मग उकडला, घट्ट पिळला. आणखी हिरवं पाणी आलं, तेही शेळीला. कच्चा रंग गेला म्हणून समाधान पावली. उरला चोथा, तो आपण खाल्ला.

आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. शेळी गुबगुबीत झाली, तिच्या अंगावर तेज चढलं, दूध दुप्पट झालं. चिमा आपली सांजेला तशीच चाचपडत होती.

एके दिवशी म्हातारी ताक मागायला दारात आली. चिमा म्हणाली, आजी, तुमचा वसा मला फळला नाही. म्हातारीनं शेळीकडं पाहिलं, चिमाकडं पाहिलं.

"फळला की," म्हणाली. "ज्यानं केला, त्याला फळला."

चिमा शेळीकडं बघत राहिली. शेळीचं तोंड अजून हिरवं होतं. मग चिमा लाजली, आणि तिला हसूही आलं.

मग काय केलं? भाजी आधी धुतली, मग चिरली. कोवळे देठ आत घेतले. पाण्याचा थेंब फेकला नाही. आज माठ, उद्या घोळ, परवा शेवग्याचा पाला. म्हाळसाबाई पाठ करून जेवत. सोनबानं मात्र हळूच चव घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून मागितली. शेळी तेवढी रुसली. होता होता सांजेला चिमाला दिव्याची वात दिसू लागली, मग दाराची चौकट. पण ती कुणाला बोलली नाही. मनातली भीती गेली नव्हती.

भादवा आला, गौरीचा दिवस उगवला. म्हाळसाबाईंनी नैवेद्याला तळण मांडलं. दुपारच्या उजेडात कुंकवाची पावलं काढली, दारापासून आराशीपर्यंत. दिवेलागण झाली, शेजारणी जमल्या. चिमानं गौरीचा मुखवटा हाती घेतला. शेजारणींनी विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली? चिमानं सांगितलं, सोन्याच्या पावलांनी आली. एक पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं, आणि माजघरात थांबली. म्हाळसाबाई ओटीवरून म्हणाल्या, अडलीस ना?

"अडले नाही, सासूबाई. इथून पावलांच्या दोन वाटा झाल्यात. तांबडी तुमची, ती आराशीकडं गेलीत. हिरवी कुणी काढली ठाऊक नाही, ती चुलीकडं गेलीत."

शेजारणी वाकल्या, त्यांनीही पाहिली. म्हाळसाबाई उठल्या, दोन पावलं आल्या, आणि भिंत चाचपू लागल्या. त्यांना हिरवी दिसेनात. आणि बायांनो, त्यांना आपली तांबडीही दिसेनात. मग सगळ्यांदेखत त्यांनी सुनेचा पदर धरला.

"चिमे," म्हणाल्या, "मला तीन वर्षं सांजेचं दिसत नाही. लाजेनं बोलले नाही गं. तुला मात्र बोलत राहिले."

चिमाला रडू आलं. एका हाती गौर धरली, दुसऱ्या हाती सासूचा हात धरला, आणि हिरव्या पावलांनी दोघींना चुलीपाशी नेलं. चुलीवर झाकणाखाली माठाची भाजी वाफत होती. गौरीला पाटावर बसवलं, भाजीभाकरीचा पहिला नैवेद्य दाखवला. मग प्रसादाचं पान म्हाळसाबाईंपुढं ठेवलं. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, आणि भाकरीच्या तुकड्यानं पानातलं हिरवं पाणी पुसून घेतलं.

"वाढ आणखी," म्हणाल्या. "आणि पाणी सांडू नकोस."

जशी गौर चिमाच्या चुलीपाशी आली, तशी तुम्हां आम्हां सगळ्यांच्या चुलीपाशी येवो. दारचं हिरवं पानात येवो, सांजेचा दिवा डोळ्यांना दिसो, सासूचा हात सुनेच्या हाती राहो. ही साठां पानांची कहाणी पाचां देठी सुफळ संपूर्ण.