सर्वांत जवळची घोंगडी

जिथे ऊन सर्वांत उशिरा पोहोचते आणि सर्वांत आधी परतते, अशा एका दरीच्या तळाशी विणकरांचे गाव वसले होते. वर टेकडीच्या माथ्यावर रंगराव शेठची माडी होती. तिच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. सायंकाळी त्यांतून लाल, पिवळे, मोरपंखी कवडसे उतारावर सांडत. इवल्या इवल्या फुलपाखरांसारखे थरथरत, आणि दरीच्या अर्ध्या वाटेवरच विझून जात. खालच्या झोपड्यांपर्यंत त्यातला एकही कधी आला नाही.

गावातला प्रत्येक माग शेठचा होता आणि मागावरची लोकरही शेठची. एक जुनी रीत होती: विणून झालेली घोंगडी माडीवर जायची, आणि ती कापून उतरवल्यावर मागाला ताण्याचे जे दोरे उरत, त्या दश्या विणणाऱ्याच्या. ज्या पूर्वजांनी ही रीत मान्य केली, त्यांच्या काळी दशी हातभर लांब असे. दश्या जोडून, गाठी मारून दोन हिवाळ्यांत एक ठिगळांची घोंगडी घरात होई. पुढे शेठचा मुनीम कात्री थोडी थोडी पलीकडे सरकवत गेला. रीत तीच राहिली, दशी मात्र बोटभर उरली. माडीमागच्या कोठारात घोंगड्यांच्या थप्प्या आढ्याला टेकल्या होत्या. भाव चढण्याची वाट पाहत त्या काळोखात एकमेकींना ऊब देत पडून असत.

याच गावात भिवरा नावाची एक चिमुरडी राहत होती. तिची आई गिरजा दिवसभर माग चालवी. भिवरा चातीवर सूत काती आणि ताण्याला लावायची चिंचोक्याची खळ शिजवी. बाप मागच्या थंडीत गेला, तेव्हा घरातली एकुलती घोंगडी त्याच्यासोबत मातीत गेली होती. आता तिचा धाकटा भाऊ बिरू खोकत होता. रोज उजाडताना त्याचे ओठ जांभळाच्या रंगाचे झालेले असत. गिरजा त्याच्या छातीला कान लावी आणि मागाशी जाऊन बसे.

एका सायंकाळी काटक्या वेचायला भिवरा रानात गेली. तिथे सावरीचे एक जुने झाड होते. सावरीची बोंडे उन्हाळ्यात उकलतात. पण त्या निष्पर्ण फांदीवर, ऐन थंडीत, एक चिमुकले बोंड चांदणीसारखे चमकत होते. फांदीच्या काट्यात ते अडकून फाटले होते. भिवराने आपल्या वेणीची दशी सोडली, बोंड अलगद सोडवले आणि फाटलेल्या जागी ती बांधली.

तोच बोंड उकलले. रुपेरी, मऊमऊ कापसात करंगळीएवढी एक परी बसली होती. तिच्या पंखांवर दवबिंदूंची नक्षी होती आणि श्वासागणिक तिच्याभोवती निळसर प्रकाशाचे कण उडत होते.

“तुझ्या वेणीचा दोरा माझ्यासाठी सोडलास, बाळ,” परी म्हणाली. “आता तीन इच्छा माग. पण नियम ऐकून घे. नवे काही घडवण्याची शक्ती मला नाही. जगात जे आहे तेच मी एका जागेवरून उचलते आणि दुसरीकडे ठेवते. आणि उचलते तेही तू उभी असशील तिथून सर्वांत जवळचे. माझे पंख इवलेसे आहेत.”

“जवळचं काय आन् लांबचं काय, परीताई,” भिवरा हसली. “घोंगडी ऊबदार असली म्हंजे झालं.”

नियम सांगायचा, पण त्याचा अर्थ विचारल्याशिवाय सांगायचा नाही, असे पऱ्यांचे शील असते.

भिवराने बोंड ओंजळीत धरून घरी आणले आणि चुलीशी उभी राहून हळूच म्हणाली, “माझ्या बिरूला एक घोंगडी दे.” प्रकाशाची एक बारीकशी लहर भिंतीवरून गेली आणि बिरूच्या अंगावर घोंगडी आली, ताजी ऊब असलेली, जणू आत्ताच कुणाच्या अंगावरून काढलेली. बिरू पाय पोटाशी न घेता झोपला.

उजाडताच शेजारून रडणे ऐकू आले. दोन्ही घरांना मधली भिंत एकच होती.

“माझ्या तान्हीचं पांघरूण कुणी नेलं गं!” धोंडाकाकू अंगणात ओरडत होती. “हात झडो मेल्याचा! पोर लाकडावानी गार पडलीया!”

भिवराने बिरूच्या अंगावरची घोंगडी उजेडात धरली. ती ठिगळांची होती. कोपऱ्यात तांबड्या दश्यांची गाठ होती. ती गाठ मारताना भिवराने स्वतः दोरा धरून दिला होता. तिने घोंगडी उचलली आणि बाहेर जाऊन काकूच्या हातात ठेवली.

“तू चोरलीस?” काकूने विचारले.

“चोरली न्हाई, काकू. मागितली.”

“कुणाकडं?”

“परीकडं.”

काकूचा नवरा खंडू उंबऱ्यात बसला होता. तो कडवट हसला. “वा गं वा! शेठकडं मागायची छाती न्हाई, म्हणून परीकडं मागती. परीला बी गरिबाचंच घर गावतं व्हय? म्या सांगतो, एक दिस कोठार फोडायचं. दुसरा उपाव न्हाई.”

“आन् फोडल्यावर?” धोंडाकाकू तान्ही छातीशी धरत म्हणाली. “माग त्याचं, लोकर त्याची. दुसऱ्या थंडीला काय तुझं शौर्य पांघरायचं? तापलेलं डोकं घेऊन पोरांम्होरं बोलू नगंस.”

मग काकूने भिवराकडे पाहिले, आणि शिवी देण्याऐवजी म्हणाली, “बिरूला हिकडं आण. दोघं एकीतच निजतील. पाय उघडं राहतील, पर पाठ तरी झाकंल.”

पण एका घोंगडीत दोन पोरे मावत नव्हती. त्या दिवशी बिरूचा खोकला वाढला, आणि दुपारी भिवरा ओच्यात बोंड घेऊन टेकडी चढून माडीवर गेली.

रंगराव शेठ दुष्ट नव्हता. त्याने तिला ओसरीवर बसवले, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तिचे म्हणणे पुरते ऐकून घेतले.

“दशी लांब करा म्हणतेस,” तो शांतपणे म्हणाला. “आज तुला दिली तर उद्या सगळे येतील. कोठार रिकामे झाले तर मी लोकर कशाने घेणार? लोकर नसेल तर माग बंद, आणि माग बंद म्हणजे तुझी आई रिकामी. कोठार भरलेले आहे म्हणून गाव चालले आहे, पोरी. ते असेच भरत गेले, तर एक दिवस तुमच्यापर्यंतही पोहोचेल.”

“कवा, शेठजी?”

“धीर धरायला शिक.”

“म्या धरीन,” भिवरा म्हणाली. “बिरूला धरवत न्हाई.”

शेठने मान फिरवून खिडकीच्या रंगीत काचेकडे पाहिले. कोठार काही त्याने उघडले नाही.

भिवरा माडीच्या मागे आली. समोर कोठाराची काळी भिंत होती. तिने भिंतीला तळहात लावला आणि तिच्या मनात लख्ख उजेड पडला. आता तर सर्वांत जवळ कोठारच होते! तिने घाईने ओच्यातले बोंड ओंजळीत घेतले. “परीताई, हितनं आण. बिरूसाठी एक घोंगडी.”

परीने तिच्याकडे फार दुःखाने पाहिले. लहर उठली आणि भिवराच्या खांद्यावर घोंगडी आली. मावळतीच्या तांबूस अंधारात तिने ती नीट न्याहाळलीही नाही. ती उतारावरून धावत सुटली. धावताना तिला वाटले, घोंगडीला तंबाखूचा वास येतो आहे.

बिरू त्या रात्री शांत झोपला. पण उजाडता उजाडता कवाडाच्या फटीतून आलेल्या पहिल्या किरणात भिवराला घोंगडीच्या काठावर जळक्या चिलमीची भोके दिसली आणि मानेशी झिजलेला भाग दिसला. कोठारातली घोंगडी कधी कुणाच्या मानेशी झिजत नाही. घोंगडी आणि बोंड घेऊन ती अनवाणीच टेकडीकडे धावली.

कोठाराचे दार भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे होते. दारापुढच्या पायरीवर नागूआजा बसला होता. तो शेठचा म्हातारा राखणदार. त्याच्या उघड्या खांद्यांवर दव गोठून खड्यांसारखे चमकत होते. त्याच्या कमरेला कोठाराची किल्ली होती.

“आजा, तुमची घोंगडी म्या…” तिला पुढे बोलवेना. तिने ती त्याच्या अंगावर टाकली. नागूने ती परत तिच्याकडे सारली.

“असू दे. लेकराला ने.”

“आजा, किल्ली तर तुमच्यापाशीच हाय! दार उघडून एक घोंगडी घ्यायची व्हती की!”

नागू हसला. मग क्षीणपणे म्हणाला, “किल्ली राखायची असती, पोरी. वापरायची न्हाई. सवयच न्हाई हाताला.” तो पुढे म्हणाला, “तू कोठाराला किती बी खेटून उभी राहा. कोठाराच्या आन् तुझ्या मधी माझ्यावानी कुणीतरी निजलेलं असणारच.”

त्याचे डोळे मिटले. भिवराने बोंड ओंजळीत घेतले. तिचे अश्रू रुपेरी कापसावर पडले.

“परीताई, तिसरी इच्छा मागू? आजाला ऊब दे.”

“देईन,” परी म्हणाली. “पण ऊबही मी सर्वांत जवळूनच घेते. इथे त्याच्या जवळ तूच आहेस. तू आता विचारतेस म्हणून सांगते.”

भिवराने खालच्या झोपड्यांकडे पाहिले. खाली दरीत बिरू उठला असेल, तिला शोधत असेल. मग तिने आजवर कुणी न विचारलेले विचारले. “ह्यो नियम कुणी केला? देवानं?”

परीचे पंख क्षणभर स्थिर झाले. “नाही, बाळ. फार पूर्वी एकाने मला पकडले. त्याच्यापाशी मोठे कोठार होते. त्याने एकच इच्छा मागितली: ‘गरिबांनी तुझ्याकडे काही मागितले, तर ते त्यांच्याच शेजारून आण. माझ्यापर्यंत येऊ नकोस.’ तेव्हापासून लोक याला परीचा स्वभाव समजतात.”

“म्हंजे मागूनच केलेला हाय. मग मागून मोडता बी येईल.”

“येईल. पण त्यात ही इच्छा संपेल. नागूची ऊब तुला वेगळी मागता येणार नाही. आणि तेवढे ओझे उचलले की माझे पंख राहणार नाहीत.”

“तुला लई दुखंल?”

“मला हे आजवर कुणी विचारले नाही,” परी म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. “माग, बाळ.”

भिवरा उभी राहिली. थंडीने तिचे दात वाजत होते, पण शब्द तिने एकेक करून नीट मांडले. “जे कुणाच्या अंगावर न्हाई, जे नुसतं रचून ठिवलंय, तितनं आण. आन् जो उघडा हाय त्याला दे. शेठ उघडा असला तर शेठला बी दे.”

कोठाराचे कुलूप न उघडताच दाराच्या फटींतून सोनेरी उजेड वाहू लागला. त्या उजेडातून घोंगड्या बाहेर आल्या. काळ्या, करड्या, पांढऱ्याशुभ्र, आपापल्या घरी परतणाऱ्या मेंढरांच्या कळपासारख्या उतारावरून खाली निघाल्या. झोपडीझोपडीत त्या शिरल्या. एक बिरूपाशी गेली, एक धोंडाकाकूच्या तान्हीपाशी. पहिली मात्र पायरीवरच थांबली आणि नागूच्या खांद्यांवर आपणहून बसली. त्याने डोळे उघडले, तिच्या मऊ काठावरून बोट फिरवले. “नवी हाय,” तो पुटपुटला. ऊब त्याच्यापर्यंत पोहोचली. पण उशिरा पोहोचली. त्याचा हात तसाच काठावर राहिला.

परीचे पंख झडत होते. त्यांचा रुपेरी चुरा हवेत तरंगत होता. “नियम मोडलास,” ती म्हणाली. “नवा नियम राखणे मात्र परीच्या हाती नसते.” मग एक शुभ्र, स्वच्छ प्रकाश झाला. दरीच्या तळाशी इतक्या लवकर पोहोचलेला तो पहिलाच उजेड. तो ओसरला तेव्हा भिवराच्या ओंजळीत फक्त तिच्या वेणीची दशी होती.

गाव टेकडीवर जमले. शेठ ओसरीवरून धावत आला, मागोमाग मुनीमही. रिकामे कोठार पाहून तो म्हणाला, “आता लोकर कुठून आणू? तुम्ही तुमचाच माग बंद केलात!”

खंडूने मूठ वळली. गिरजाने त्याचा हात धरला आणि ती पुढे आली.

“माग तुमचा हाय, शेठजी. तो तुम्ही नेला तरी आमच्या हातांबिगर नुसतं लाकूड हाय,” ती म्हणाली. “घोंगड्या आम्ही इनू. माडीवर धाडू. पर आजपासनं हिवाळ्याची पहिली घोंगडी इनणाऱ्याच्या घरात राहील, आन् कात्री आमच्या हातात.”

शेठने नागूकडे पाहिले. मग मुनीमाच्या हातची कात्री घेऊन त्याने गिरजापुढे धरली. ते पश्चात्तापाने, भीतीने की हिशेबाने, हे कुणालाच कळले नाही, आणि गिरजाने विचारलेही नाही.

नागूला गावाने त्याच नव्या घोंगडीत मातीआड केले आणि कोठाराची किल्ली त्याच्यासोबत ठेवली. बिरू त्या हिवाळ्यातून वाचला. त्याचे ओठ पुन्हा गुलाबी झाले. सावरीच्या झाडाला मात्र पुढे थंडीत कधी बोंड धरले नाही.

कोठार पुन्हा भरू लागले, कारण माग चालूच होते. शेठने नवी किल्ली करवली. म्हणून दर हिवाळ्याच्या तोंडाला, कोठाराचे दार लागण्याआधी, भिवरा घरोघर पाहून येई: पहिली घोंगडी आली का, कात्री कुठे चालली. आणि सायंकाळी पांघरूण ओढण्याआधी त्या गावातले प्रत्येक मूल मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक करी. पलीकडून उलट टकटक आली, म्हणजे शेजारी पांघरलेले आहे. मगच ते डोळे मिटी.

भिवरा मोठी झाली तरी हे करीत राहिली. तिच्या घोंगडीच्या कोपऱ्यात त्या जुन्या दशीची गाठ होती. आधी ती धोंडाकाकूच्या भिंतीवर टकटक करी आणि उत्तर ऐके. मग टेकडी चढून जाई, नागूआजा बसे त्या कोठाराच्या पायरीवर टकटक करी, आणि अंधार पडेपर्यंत तिथे बसून राही.