चित्राबरहुकूम

त्या मुलखात पाणी फक्त बागेत उरलं होतं. बाहेर नद्या आटल्या होत्या, तळ्यांच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि शेवटचा चिखल कुणी कुठे पाहिला यावरून जनावरांत भांडणं होत होती. बागेला उंच भिंत होती, एकच दार होतं, आणि त्या दारावर एक चित्र टांगलेलं होतं.

चित्र फार जुनं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईने छापलेलं, कडांना पिवळं पडलेलं. मध्ये झाड, झाडाला वेढे घालून साप, खाली पहिला पुरुष आणि पहिली बाई, आणि भोवती जगातली यच्चयावत जनावरं, पहिल्या दिवशी होती तशी. त्या दोघा माणसांना पुढे बागेतून हाकलून दिलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. साप मात्र जागेवर राहिला. बाग पुन्हा पहिल्यासारखी करायची असं कधीतरी ठरलं, आणि पहिल्यासारखी म्हणजे कशी, हे सांगणारं त्या चित्राशिवाय काही शिल्लक नव्हतं. म्हणून नियम झाला: जो चित्राबरहुकूम असेल तो आत.

आता ज्या गृहस्थाने ते चित्र कोरलं, त्याने जन्मात गाय, घोडा आणि कुत्रा यांपलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. बाकीचं ऐकीव. त्याच्या मगरीला कुत्र्यासारखे कान होते. खरी मगर दाराशी आली, तिने चित्र पाहिलं, चितारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि निघून गेली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. हत्तीला त्याने गुडघेच दिले नव्हते. हत्ती शहाणा, तो पाय न वाकवता जगायला शिकला आणि आत गेला.

अशात एक गेंडीण आपल्या पिलाला घेऊन दाराशी आली. पिलाचं नाव चिखल्या. नाव हौसेने ठेवलेलं, पण बिचाऱ्याने चिखल कधी पाहिलाच नव्हता. दारावर करकोचा होता. त्याने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा गेंडिणीकडे.

"बाई, पाठीवरचं शिंग कुठाय?"

"कुठलं शिंग?"

करकोच्याने चोचीने दाखवलं. चित्रातल्या गेंड्याच्या खांद्यांमध्ये एक छोटं टोकदार शिंग होतं.

"अहो भाऊ, आमच्यात कुणालाच नसतं तिथे! माझ्या आईला नव्हतं, आजीला नव्हतं."

"मग तुम्ही गेंडे नसाल," करकोचा शांतपणे म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तुच्छता नव्हती. "मी काय करू, सांगा. चित्र काय माझ्या बापाने काढलंय?"

गेंडीण परतली. पण चिखल्याची जीभ सुकून कडक झाली होती, आणि त्याने आता पाणी मागणंही सोडलं होतं. मागत होता तेव्हा ती त्याच्यावर खेकसायची. आता त्याच्या गप्प राहण्याने तिचा जीव उडाला. ती एका खडकाशी गेली आणि खांद्यांमधली कातडी फाटेपर्यंत पाठ घासत राहिली. मग एक टोकदार दगड शोधला, जमिनीवर आडवी झाली आणि पिलाला म्हणाली, "नाकाने दाब."

"आई, रक्त येतंय."

"येऊ दे. दाब म्हणते ना!"

त्याने रडत रडत दाबला. जखम चिघळली, सुजली, आणि शेवटी दगडाभोवती घट्ट आवळून बसली. वाटेत एकदा दुसरी गेंडीण दिसली तेव्हा हिला तिची सपाट पाठ उघडी-बोडकी वाटली, आणि तिने चटकन नजर वळवली.

करकोच्याने या वेळी दार उघडलं. "या बाई. पिलू मात्र नाही."

"का?"

"चित्रात पिलू कुठाय? नीट बघा. हरणाचं नाही, सिंहाचं नाही, कुणाचंच नाही. पहिला दिवस आहे तो. जन्माला यायला कुणाला वेळ मिळाला होता?" मग त्याला थोडी दया आली असावी. "तुम्ही आत जा. आत गेल्यावर काहीतरी होतं. बाहेर राहून काहीच होत नाही."

हे तिला पटलं. न पटून करते काय? तिने चिखल्याला भिंतीच्या सावलीत बसवलं. "इथेच थांब. तोंडभर पाणी घेऊन आलेच."

आत गेल्यावर तिला खरोखरच पाणी दिसलं. झाडाच्या मुळाशी झरा होता. ती धावली.

"जागेवर!" सिंह ओरडला. ओरडताना त्याने तोंड उघडलं नाही. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि त्याच्या पंजाला टेकून एक मेंढी बसली होती. सगळी जनावरं आपापल्या जागी उभी होती, एकही हलत नव्हतं. हरणाचं तोंड चित्रात झऱ्याला लागलेलं होतं, म्हणून ते एकटं पीत होतं. त्याचं पोट फुगून टम्म झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ते पीतच होतं.

"तुमची जागा त्या उंचवट्यावर," मेंढी पुटपुटली. "झऱ्याकडे पाठ."

"माझं पिलू बाहेर तहानेनं मरतंय!"

"माझी दोन कोकरं आहेत बाहेर. सिंहाचे छावे आहेत. प्रत्येकाचं कुणी ना कुणी आहे. बागेचे मालक संध्याकाळी फेरी मारतात. सगळं पहिल्यासारखं दिसलं, तर प्रत्येकाची एक विनंती ऐकतात. पण एक जरी हलला, तर सगळ्यांचंच गेलं."

"कधी येतात?"

"येतील. रोज कुणी ना कुणी हलतं, म्हणून राहतंय."

गेंडीण उंचवट्यावर गेली आणि झऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. पाण्याचा आवाज मागून येत होता. तिने मनाशी विनंतीचे शब्द जुळवले. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"आई."

ती हलली नाही. फक्त तिचा डावा कान तेवढा आपोआप मागे, भिंतीकडे वळला.

"बाई, कान," मेंढी कळवळून म्हणाली. "चित्रात दोन्ही पुढे आहेत. संध्याकाळ झालीय, येतील हो आता!"

"आई," पुन्हा आवाज आला. या वेळी अगदी बारीक.

गेंडिणीने कान पुढे वळवला.