खेकसबाबांचा रांजण

“त्यानं माझ्याआधी वर येऊन तुमचे कान भरले ना, बाबा?”

ना नमस्कार, ना पाया पडणं. दोनशे बारा पायऱ्या चढून आलेल्या साहेबराव कोळप्यांच्या तोंडून पहिलं वाक्य हे बाहेर पडलं. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. डाव्या खांद्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली पितळी कळशी होती.

लिंबाखाली बसलेल्या बाबांनी मान वर केली.

“ठेव,” ते म्हणाले.

आता आधी ह्या कळशीचं सांगायला हवं. घोडटेकडीवर पाणी नाही. पूर्वी एक झरा होता म्हणे. पण एकदा बाबा त्याच्यावर असे काही खेकसले की तो घाबरून जो खाली पळाला, तो पायथ्याच्या विहिरीत जाऊन लपला आणि पुन्हा वर फिरकला नाही. झऱ्याची ही गत, तिथं माणसांचं काय! पंचक्रोशीत त्यांना खेकसबाबाच म्हणत. अहो-जाहो त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा एक मंत्री दर्शनाला आला, तर त्यालाही “तू कोण रे?” असं विचारलं होतं.

नियम एकच. वर येणाऱ्यानं विहिरीवरची कळशी भरून आणायची, बाबांच्या रांजणात ओतायची आणि मग तोंड उघडायचं. नारळ नको, पेढे नकोत. बाबांचे गुडघे गेल्यापासून त्या टेकडीवर माणसाची आणि पाखरांची तहान अशीच भागत होती.

साहेबरावांना हा नियम तोंडपाठ होता. पण राग माणसाला पाठांतर विसरायला लावतो.

“ठेव?” ते उसळले. “म्हणजे त्यानं तेही सांगितलं तर! माझ्या ठेवींचं!”

बाबांची नजर कळशीवर होती.

“मग आता माझंही ऐका. हो, आहेत माझ्या ठेवी. मुदत ठेवी. पाच पावत्या! तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो. उन्हातान्हात कालव्याच्या चाऱ्यांवरून सायकल हाणली, पाणी मोजलं, आणि ज्याला दोन बोटं कमी मिळालं त्याच्या शिव्या खाल्ल्या. त्यातून जे उरलं ते बँकेत टाकलं. म्हातारपणी कुणापुढं हात पसरायला नको म्हणून. चोरी केली का मी?”

बोलताना त्यांनी उजवा हात असा फेकला की कळशी हिंदकळली. पाण्याचा एक हबका सदऱ्यावरून खाली मातीत गेला.

“पाटबंधारे,” बाबा म्हणाले, “तुझं भांडण कुणाशी आहे?”

“कुणाशी म्हणजे? त्या बन्सीशी!”

बन्सी थेटे आणि साहेबराव एकाच खात्यात, एकाच हुद्द्यावर. हे डाव्या कालव्यावर, तो उजव्या. दोघांनी तरुणपणी मिळून तालुक्याच्या गावी एक प्लॉट घेतला होता. त्यावर दोन बाजूंना दोन घरं, आणि मधे दोघांत मिळून एकच ओटा, असं ठरलं होतं. वीस फूट लांब. निवृत्त झालं की त्या ओट्यावर बसायचं, भाजलेल्या शेंगा खायच्या आणि सरकारला शिव्या घालायच्या. सरकार कुठलं का असेना. घरं झाली. ओट्याचा नुसता पाया भरून राहिला.

पण घोटाळा असा झाला की, शिव्या कुठल्या सरकारला घालायच्या ह्यावर दोघांचं एकमत होईना. बन्सीला सरकार आवडायला लागलं.

एवढ्यावर थांबतं तरी चाललं असतं. पण बन्सीनं आपली पुंजी शेअर बाजारात टाकली, महिन्याच्या महिन्याला हप्त्यानं. तो म्हणायचा, देश वर चाललाय, आपणही त्याच्याबरोबर वर जाऊ. साहेबराव म्हणायचे, देश बुडाला, निदान पावती तरी कोरडी ठेवू. मतदान पाच वर्षांतून एकदा होतं. हे दोघं मात्र रोज सकाळी चहाच्या टपरीवर आपापल्या म्हातारपणाच्या पैशानं मतदान करायचे.

आठ महिन्यांपूर्वी टपरीवर भांडणाचा स्फोट झाला. त्या दिवशी टपरीवाल्यानं स्टोव्ह विझवला, तरी ह्या दोघांच्या मधे ठेवलेल्या दोन ग्लासांतला चहा अर्धा तास उकळत होता. पाहणारे अजून आहेत. विचारा हवं तर.

“काय म्हणाला तो मला, माहितीय?” साहेबरावांनी बोट नाचवलं. “चारचौघांत म्हणाला, ‘सायबा, तुझ्यासारख्यांमुळंच देश मागं राहिला. तुझा पैसाही गादीखाली आणि अक्कलही गादीखाली. ज्याचा देशावर विश्वास नाही, तोच मुदत ठेवीत पैसा ठेवतो!’ मी! माझा देशावर विश्वास नाही! दुष्काळात रात्रंदिवस धरणाच्या गेटवर कोण बसलं होतं? हा की मी?”

“कोण?”

“…दोघंही होतो. पण मुद्दा तो नाही!”

आणखी एक हबका मातीत गेला.

“मीही सोडलं नाही त्याला. म्हटलं, बन्श्या, तू देश बघतच नाहीस. तू मोबाइलवरचा हिरवा आकडा बघतोस आणि त्यालाच देश म्हणतोस. तो आकडा लाल झाला की तुझा देश कुठं जातो रे? म्हटलं, ठेवीचं व्याज दरवर्षी खाली, गोळ्यांच्या पाकिटाचा भाव दरवर्षी वर, आणि तू टाळ्या कसल्या वाजवतोस?”

“मग?”

“मग काय! महिन्यापूर्वी दोघं एकाच दिवशी निवृत्त झालो. एकाच हॉलमध्ये सत्कार. एकाच गठ्ठ्यातल्या शाली. मी स्टेजच्या ह्या टोकाला, तो त्या टोकाला. फोटोवाला ओरडत होता, जवळ या, जवळ या… मधे कार्यकारी अभियंत्यांना उभं करून कसाबसा फोटो काढला.”

बाबांनी ओठांवरून जीभ फिरवली. ओठ भेगाळले होते.

“ठेव आता,” ते म्हणाले. आवाजाला धार आली होती.

“काय ठेवू? विश्वास? त्याच्यावर?” साहेबराव एक पाऊल पुढं आले. “की नावं ठेवतो म्हणून बोलताय? ठेवतो! सरकारला ठेवतो, बाजाराला ठेवतो, बन्सीला ठेवतो! माझ्यासारख्यानं आणखी काय ठेवायचं, बाबा? आयुष्यभर दोनच गोष्टी ठेवल्या मी. बँकेत पैसे आणि जगाला नावं!”

खांदा ठणकत होता. साहेबरावांना वाटलं, हाही बन्सीमुळंच ठणकतोय.

त्यांच्या पायाशी चिखल झाला होता. कुठूनशा दोन साळुंक्या आल्या आणि त्या चिखलातलं पाणी निवांत प्यायला लागल्या. चैत्रातलं ऊन होतं. टेकडीवर तेवढीच काय ती ओल होती.

“उद्या सकाळी गवंडी येतोय,” साहेबराव दात चावत म्हणाले. “पाया तयारच आहे. त्यावर ओटा बांधायचा की भिंत, एवढंच त्याला सांगायचंय. बन्सीनं निरोप धाडला, ‘साहेबराव म्हणेल ते कर.’ बघा, किती पाताळयंत्री! म्हणजे भिंत घातली तर गावात नाव माझं खराब! पण मी घालणार. आठ फुटी घालणार. वरून बाटल्यांच्या काचा लावणार. त्याच्या मोबाइलचा उजेडसुद्धा माझ्या अंगणात पडायला नको!”

“ओटा किती लांब म्हणालास?”

“वीस फूट.”

“एकट्याला?”

साहेबरावांनी खांद्यावरची कळशी सावरली, तसं आणखी पाणी सांडलं.

साळुंक्यांनी तेवढ्यात एकमेकींना चोच मारली, कलकलाट केला, आणि पुन्हा त्याच डबक्यात चोची घातल्या.

“तो दिसला तुला, येताना?” बाबांनी विचारलं.

“दिसला. शंभराव्या पायरीवर. तो उतरत होता, मी चढत होतो. मी तोंड फिरवलं.”

“त्यानं?”

“त्यानंही फिरवलं असणार. मी तोंड फिरवलं होतं, मला कसं दिसेल?”

“हातात काय होतं त्याच्या?”

“कळशी. विहिरीवरची दुसरी.”

“भरलेली?”

“काय विचारताय बाबा? उतरताना भरलेली कशी असेल? वर येऊन ओतली असेल ना त्यानं…”

“रांजणात बघ.”

साहेबराव दोन पावलं चालले. रांजणावरची थाळी सरकवली. आत वाकून पाहिलं.

तळाला बोटभर गाळ होता, आणि तोही तडकलेला. एक मुंगळा त्या भेगेत उतरून पुन्हा वर येत होता.

“पण बन्सीनं…”

“तोही तिथंच उभा होता,” बाबा म्हणाले. “तू उभा होतास तिथं. कळशी उजव्या खांद्यावर. त्यालाही म्हटलं, ठेव. तर मला म्हणाला, ‘बाबा, ठेवीत काही राम नाही.’”

साहेबरावांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी ते दाबलं.

“आणि काल?” त्यांनी हळूच विचारलं. “काल कोणी आलं नव्हतं?”

“काल ऊन होतं.”

“म्हणजे बाबा, तुम्ही कालपासून…”

बाबांनी भेगाळलेल्या ओठांवरून पुन्हा जीभ फिरवली.

तेव्हा कुठं साहेबरावांनी कळशी खाली घेतली. ती हलकी लागली. फारच हलकी. त्यांनी ती घाईघाईनं रांजणाऐवजी बाबांपुढच्या तांब्यात उपडी केली.

तेहतीस वर्षांच्या सवयीनं नजरेनंच मोजमाप झालं. दोन घोट. खात्यात ह्याला वाटेतली गळती म्हणायचे. ती जास्त झाली की मोजणीदाराला खुलासा द्यावा लागे. साहेबरावांनी उभ्या नोकरीत एकदाही असा खुलासा दिला नव्हता. आज निम्मी कळशी देशावर गेली होती आणि निम्मी बन्सीवर.

“प्या बाबा,” ते म्हणाले.

बाबांनी तांब्या उचलला. त्यांच्याकडं पाहिलं आणि तांब्या त्यांच्याच हातात कोंबला.

“तू पी. मघापासून देश वाचवतोयस. घसा सुकला असेल.”

“नको बाबा, तुम्ही…”

“पी म्हटलं ना!”

बाबा असे खेकसले की लिंबाची पिकली पानं झडली आणि साळुंक्या उडाल्या. साहेबरावांनी डोळे मिटून दोन घोट घेतले. गोड पाणी होतं.

डोळे उघडले तेव्हा बाबा झोपडीत गेले होते. आतून भांड्यांचा खडखडाट आला. बाबा गुडघ्यावर हात टेकत, फरफटत काहीतरी ओढत बाहेर आणत होते. तांब्याचं भलंमोठं घंगाळ. पूर्वी घराघरांत आंघोळीचं पाणी काढायला असायचं तसं. पोटाला हे एवढं, आणि दोन बाजूंना दोन जाड पितळी कड्या.

“हे ने.”

साहेबरावांनी घंगाळ चाचपलं. रिकामंच चांगलं जड होतं.

“हे भरल्यावर एकट्याला उचलायचं नाही, बाबा.”

“ठाऊक आहे.”

“कळशीनं आणतो ना मी. दहा खेपा करतो.”

“कळशी तुम्हा लोकांच्या हाती राहत नाही.”

साहेबराव घंगाळाकडं बघत राहिले. मग खाली, पायऱ्यांच्या तळाशी. विहिरीच्या काठावर, उंबराच्या सावलीत कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. शेजारी रिकामी कळशी. एवढ्या लांबूनही साहेबरावांनी ती पाठ ओळखली. दुष्काळात गेटवर रात्र रात्र तीच पाठ त्यांच्या पाठीला टेकलेली असायची.

“तो गेला नाही अजून?”

“त्याला म्हटलं, थांब. भांडं पाठवतो.”

साहेबरावांच्या कानशिलाची शीर पुन्हा फुगली.

“हे ठरवून केलंत तुम्ही! पण मी सांगून ठेवतो, आठ महिने झाले, आम्ही बोलत नाही एकमेकांशी. एक शब्द नाही!”

“घंगाळाला कुठं कान आहेत? कड्या आहेत.”

“तो तिकडून धरणार, मी इकडून. पायऱ्या दोनशे बारा. तो वर बघून चालणार, त्याची सवयच ती. मी पायाखाली बघणार. पाणी पुन्हा सांडलं तर?”

बाबांनी खांदे उडवले आणि लिंबाखाली जाऊन बसले. डोळे मिटले.

साहेबरावांनी घंगाळ उचलून डोक्यावर पालथं घातलं. चार पायऱ्या उतरले. थांबले. वळले. तांब्याच्या त्या मोठ्या टोपीखालून त्यांचा रागानं लाल झालेला चेहरा तेवढा दिसत होता.

“सगळं खरं, बाबा! पण उद्या गवंडी येणार. त्याला काय सांगू ते बोलला नाहीत. ओटा की भिंत?”

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

“कान भरलेत माझे,” ते खेकसले. “रांजण भरा.”